चिरंजीवाचे कोरे पत्र

अमरत्वावर लिहिलेल्या विज्ञानकादंबऱ्या वाचकाचा अपेक्षाभंग करतात, आणि तो बहुधा एकाच जागी करतात. आरंभी कल्पनेचा दरारा असतो. शेकडो वर्षे जगलेला माणूस समोर उभा राहिला की त्याने पाहिलेली युद्धे, उजाड झालेली गावे, कोणी बोलेनाशा झालेल्या भाषा यांचा हिशेब तो कसा देतो, याविषयी उत्सुकता निर्माण होते. निवेदन जसजसे लांबत जाते तसतसे ध्यानात येते की हा माणूस पुष्कळ जगला आहे, परंतु त्याला फारसे काही झालेले नाही. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन समीक्षकाने १९६७ मध्ये अपेक्षांच्या क्षितिजाची कल्पना मांडली तेव्हा त्या क्षितिजाला छेद देणे हे कलाकृतीच्या मोलाचे गमक मानले होते. येथे होणारा अपेक्षाभंग त्या जातीचा नव्हे. क्षितिज मोडले जात नाही. कादंबरीच त्याच्या बरीच अलीकडे थांबते.

या थांबण्याचे खापर लेखकाच्या कल्पनादारिद्र्यावर फोडले जाते. ते सोपे आहे, आणि पुष्कळदा अन्यायाचे आहे. कारण बहुधा निवेदनाच्या स्थानात आहे: अमरत्वाची गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली जाते, न मरणाऱ्याच्या की त्याच्यादेखत मरणाऱ्यांच्या, या प्रश्नात आहे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी लागणारी सामग्री मराठीत, आणि विशेषतः नांदेड-लातूरच्या पट्ट्यात, माहूरच्या डोंगरापासून किल्लारीच्या ढिगाऱ्यांपर्यंत विखुरलेली आहे. मराठी विज्ञानकथेने तिच्याकडे पाहिले नाही, हा या इतिहासाचा दुसरा भाग.

प्रथम नमुना म्हणून रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘टाइम इनफ फॉर लव्ह’ (१९७३) ही कादंबरी घेता येईल. अमेरिकन विज्ञानसाहित्यात या विषयावर एवढा विस्तार क्वचितच कोणी केला असेल. तिचा नायक लॅझरस लाँग हा १९४१ मध्ये मासिकातून क्रमशः आलेल्या ‘मेथुसेलाज चिल्ड्रेन’पासून वाचकांच्या परिचयाचा होता. दीर्घायुषी घराण्यांत जाणीवपूर्वक विवाह जुळवून घडविलेल्या वंशात तो जन्मला आहे, आणि पुढे कायाकल्पाच्या उपचारांनी त्याचे वय दोन हजार वर्षांच्या पलीकडे गेले आहे. कादंबरीच्या आरंभी त्याला जगणे नको झाले आहे. त्याच्या वंशजांपैकी एक सत्ताधीश त्याच्याशी करार करतो: तू गोष्टी सांगत राहा, मी ऐकायला येत राहीन, आणि तोवर तू मरायचे नाहीस. अरबी कथांतील शहरजादेचा डाव येथे उलटविला आहे. तेथे सांगणारी जगण्यासाठी सांगते. येथे ऐकणारा येतो म्हणून सांगणारा जगतो. एवढी अर्थगर्भ चौकट हाती आल्यावर कादंबरी फार मोठी होऊ शकली असती.

ती होत नाही. लॅझरस बोलतो, आणि बोलतच राहतो. राज्यव्यवहार, विवाहसंस्था, पैसा, स्वयंपाक, शस्त्रे यांवरची त्याची मते चटकदार आहेत. परंतु ती चाळिशीच्या कोणत्याही हुशार आणि किंचित आत्मसंतुष्ट गृहस्थाची मते आहेत. तेवीस शतकांचा त्यांच्यावर ओरखडाही दिसत नाही. शेवटी तो कालप्रवास करून आपल्या बालपणीच्या अमेरिकेत जातो, स्वतःच्या आईच्या प्रेमात पडतो, पहिल्या महायुद्धात प्राणांतिक जखमी होतो, आणि भविष्यातून आलेले त्याचे वंशज त्याला उचलून नेतात. मरण दाराशी येते आणि त्याला परत पाठविले जाते. वाचकाची फसगत होते ती येथे. कादंबरीने आरंभी मांडलेला प्रश्न हा होता की जगण्याला कंटाळलेल्याला काय द्यावे. अखेरचे उत्तर आहे, आणखी जगणे.

तरीही या कादंबरीतले एक प्रकरण वाचकाच्या मनातून जात नाही. दत्तक मुलीची गोष्ट म्हणून येणाऱ्या त्या भागात लॅझरस आगीतून एका अनाथ मुलीला वाचवितो. ती अल्पायुषी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी, आहे. ती मोठी होते, त्याची पत्नी होते, दोघे एका नव्या ग्रहावर ओसाड जमीन कसतात, मुले वाढवितात. ती म्हातारी होते आणि मरते. तो उरतो. विज्ञानाचा येथे जवळजवळ संबंध नाही; एक बैलगाडीवजा वाहन, डोंगर ओलांडण्याची खटपट, खत, पाणी, बाळंतपण एवढाच ऐवज आहे. आणि नेमके हेच प्रकरण कादंबरी म्हणून जिवंत आहे. कालावकाशाला येथे प्रथमच किंमत येते, कारण तो कोणाचा तरी संपत असतो.

कारेल चापेक यांना हे आधीच कळले होते. त्यांच्या १९२२ सालच्या ‘मॅक्रोपुलोस’ प्रकरणावरील नाटकात ३३७ वर्षांची गायिका आहे; तिच्या वैद्य पित्याने सम्राट रुडॉल्फसाठी तयार केलेल्या रसायनाचा प्रयोग तिच्यावर झालेला असतो. तिच्यासमोर प्रेम, संपत्ती, आत्महत्या यांपैकी काहीही आले तरी ती गार राहते, आणि शेवटी त्या रसायनाची कृती एक तरुण मुलगी जाळून टाकते. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या नाटकावरून असे प्रतिपादिले की अमर्याद जगण्यातला कंटाळा हा स्वभावाचा दोष नसून त्या अवस्थेचाच अटळ परिणाम आहे. हा युक्तिवाद भेदक आहे. मात्र तोही न मरणाऱ्याच्याच मनात बसून केलेला आहे. त्याच्याभोवती जे मरत गेले त्यांची बाजू विल्यम्स यांच्या तत्त्वविवेचनात येत नाही, चापेक यांच्या नाटकात ती निदान कडेकडेने येते.

येथे नांदेडचे स्मरण अपरिहार्य आहे. नरहर कुरुंदकर यांचे ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ हे पुस्तक १९६३ सालचे. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाचा विचार पीपल्स कॉलेजच्या परिसरातून, वयाच्या तिशीत असलेल्या एका प्राध्यापकाने मराठीत आणला, ही गोष्ट मराठवाड्याच्या वाङ्मयीन इतिहासात अजून पुरेशी नोंदली गेलेली नाही. काव्यातील विधाने आणि विज्ञानातील विधाने यांच्या सत्यतेची कसोटी एक नव्हे. काव्यातील विधान त्याने जागविलेल्या आणि संघटित केलेल्या वृत्तींवरून तपासावे लागते, असे रिचर्ड्स १९२६ पासून सांगत होते. हा निकष विज्ञानकादंबरीला लावला तर एक नेहमीची तक्रार बाजूला सारता येते. कायाकल्पाचे शास्त्र पटण्याजोगे नाही, पेशींचे जीर्ण होणे असे थांबत नाही, ही ती तक्रार. कादंबरीपुरते ते आभासविधान आहे. ते खरे की खोटे हा प्रश्नच नाही. त्या विधानाच्या आधाराने वाचकाच्या कोणत्या वृत्ती एकत्र येतात, हे पाहायचे. लॅझरसच्या बडबडीत त्या एकत्र येत नाहीत. दत्तक मुलीच्या मरणापाशी येतात. अपेक्षाभंग विज्ञानात नाही, वृत्तींच्या या विस्कळीतपणात आहे. (कुरुंदकरांचे निधन १९८२ मध्ये झाले, पन्नाशीही पुरी न होता. दीर्घायुष्य आणि विचारांचा साठा यांचा संबंध हाइनलाइन मानतात तितका सरळ नसावा.)

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला माहूर आहे. रेणुका, दत्तात्रेय आणि परशुराम यांच्या कथा या एका डोंगरावर येऊन मिळतात, आणि तिन्हींचा मरणाशी संबंध आहे. परशुराम हा सात चिरंजीवांपैकी एक. पित्याच्या आज्ञेवरून त्याने आईचा शिरच्छेद केला आणि वर मागून तिला परत जिवंत केले, ही कथा सर्वश्रुत आहे. माहूरची कथा तिच्या पुढची. जमदग्नीच्या वधानंतर येथे दहन झाले, रेणुका सती गेली, दत्तात्रेयाने विधी चालविला. शोक करणाऱ्या मुलाला सांगण्यात आले की आई भूमीतून पुन्हा वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याने पाहिले. आईचे मुख तेवढे वर आले होते. तेथेच ते थांबले. गाभाऱ्यातला शेंदूरचर्चित तांदळा तो हाच, अशी श्रद्धा आहे. या कथेचे निवेदनस्थान पाहण्यासारखे आहे. चिरंजीव पुत्र आणि मर्त्य आई यांच्यात कथा आईच्या बाजूला झुकते. देऊळ तिचे आहे. ज्याला मरण नाही त्याच्या हाती फक्त अर्धवट परत आलेले मुख आणि आपल्या उतावीळपणाची आठवण उरते. एकदा आई परत मिळविता आली म्हणून दुसऱ्यांदाही मिळेल, असा जो भाबडा हिशेब आहे तो येथे मोडतो. मृत्यू परतविण्याच्या कथेत हा दुसरा प्रयत्न कोणी फारसा लिहीत नाही.

माहूरचा दुसरा धागा महानुभावांचा. त्यांच्या श्रद्धेनुसार दत्तात्रेयप्रभू हा चारही युगांत असणारा अवतार आहे, आणि फलटणचे चांगदेव राऊळ माहूरला आले तेव्हा त्याने वाघाच्या रूपात येऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला. पुढे चांगदेव राऊळांनी द्वारावतीत देह सोडला आणि भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव याच्या मृत देहात प्रवेश केला; तेच चक्रधर. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त, म्हणजे मराठी गद्याच्या अगदी आरंभी, ही परकायाप्रवेशाची हकिकत आहे. एका देहातून दुसऱ्या देहात जाणीव नेण्याची जी कल्पना विसाव्या शतकात यंत्रांच्या साहाय्याने पुन्हा अवतरली, ती मराठी गद्याला जन्मापासून परिचित होती. स्मशानातून परत आलेल्या त्या पुत्राला घरात घेताना त्या घराला काय वाटले असेल, हा प्रश्न ‘लीळाचरित्रा’चा नव्हे, त्या ग्रंथाचे प्रयोजनच निराळे. कादंबरीचा मात्र तो पहिला प्रश्न असायला हवा होता.

मराठी विज्ञानकथेने तो का विचारला नाही, याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. १९०० मध्ये ‘केरळ कोकिळ’मधून ज्यूल व्हर्नच्या चांद्रसफरीचे भाषांतर येऊ लागले, त्यानंतर तुरळक प्रयत्न झाले. परंतु या प्रकाराला संघटित रूप आले ते १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेमुळे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा याच स्पर्धेला पाठविली, आणि १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. स्पर्धा, दिवाळी अंक, शब्दमर्यादा आणि विज्ञानप्रसाराचे प्रांजळ ध्येय या चार भिंतींत हा प्रकार वाढला. त्यामुळे एक कल्पना, एक कलाटणी आणि अखेरीस उलगडा हा त्याचा साचा बनला. तो कथेला साजेसा आहे. चर्चेत राहिलेल्या कादंबऱ्यांचे विषय पाहिले तर ‘प्रेषित’मध्ये परग्रहावरचा जीव आहे, ‘वामन परत न आला’मध्ये प्राचीन संस्कृतीचा ठेवा आणि यंत्रमानव आहे, ‘व्हायरस’मध्ये संगणकावरचे संकट आहे. या कल्पना घटनाप्रधान आहेत: काहीतरी येते, सापडते, बिघडते. अमरत्वाचे तसे नाही. तेथे शोध लागला की घटना संपते आणि कादंबरी सुरू होते. साच्याने शिकविले होते ते शोधापाशी थांबायला.

विज्ञानकथेबाहेरचे उदाहरण याहून बोलके आहे. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ने (१९५९) उसन्या यौवनाचा विषय घेतला, १९७४ च्या ज्ञानपीठाने त्या कादंबरीवर राष्ट्रीय मोहोर उमटली. महाभारतातला ययाति मुलाचे तारुण्य घेऊन सहस्र वर्षे भोगतो आणि मग ते परत करतो. खांडेकरांनी ही सहस्र वर्षे कादंबरीत घेतली नाहीत. यौवनाची देवघेव अगदी शेवटी येते आणि लवकरच आटोपते. कामवासना आणि संयम यांचा संघर्ष मांडायचा असल्याने त्यांना ते पुरेसे होते. पण हजार वर्षे तरुण राहिलेला बाप आणि तितकीच वर्षे जख्ख म्हातारा असलेला मुलगा एका वाड्यात कसे राहिले असतील, ही मूळ कथेतली सर्वांत भयंकर शक्यता मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या पौराणिक कादंबरीने हाताळलीच नाही. भोगणाऱ्याचे मन दिसते, देणाऱ्याचे नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे होते. लगोलग एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे पुढचे संमेलन भरले. अध्यक्ष होते भारत सासणे, गूढ आणि अद्भुत यांच्या सीमेवर वावरणारे कथाकार. पाच महिन्यांच्या अंतराने विज्ञान आणि अद्भुत अशा दोन परंपरा एकाच पीठावर आल्या. त्यांच्यात संवाद व्हावा असा तो योग होता. नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले. तो संवाद समीक्षेनेही पुढे नेला आहे असे दिसत नाही.

उदगीरच्याच जिल्ह्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेल्या गावांवर दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे हा भूगर्भशास्त्रातला समजही त्या पहाटे हादरला. विज्ञानकादंबरीच्या चर्चेत हा प्रसंग आणण्याचे कारण असे की अमरत्वाच्या कादंबऱ्या मृत्यूची एक फार सोयीची व्याख्या गृहीत धरतात. मृत्यू म्हणजे वार्धक्य. वार्धक्य थांबविले की मृत्यू थांबला. किल्लारीत मेलेल्यांना वार्धक्याने मारले नाही. त्यांना घरांनी मारले. ज्याची पेशी जीर्ण होत नाही असा माणूसही त्या माळवदाखाली इतरांसारखाच गेला असता. शतकांमागून शतके जगायचे तर तितक्या शतकांचे भूकंप, पूर, पटकी आणि लढाया चुकवाव्या लागतात. म्हणजे न मरणारा माणूस हा वस्तुतः वारंवार वाचलेला माणूस असतो. वाचलेला, आणि म्हणून ढिगारे उपसणारा. हाइनलाइन यांचा नायक इतक्या वेळा वाचतो, पण त्याला ढिगारा उपसताना वाचक क्वचितच पाहतो. नव्या जागी वसविलेल्या पुनर्वसित गावांत राहून ‘जुन्या गावा’विषयी बोलणाऱ्या माणसांना अमरत्वाच्या कादंबरीतला मुख्य अनुभव, मागे उरण्याचा, कोणत्याही रसायनाशिवाय ठाऊक आहे.

आणि मराठी परंपरेला तो सातशे वर्षे ठाऊक आहे. चांगदेव वटेश्वर हा महानुभावांच्या चांगदेव राऊळांहून निराळा. नावाच्या साम्यामुळे झालेला घोटाळा अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. दोघांच्याही कथेत वाघ येतो, हे मात्र गमतीचे. काळ जवळ आला की प्राण ब्रह्मरंध्रात चढवायचा आणि वेळ टळली की उतरवायचा, या युक्तीने त्याने शतकाशतकाने चौदाशे वर्षे काढली, असे कथा सांगते. आळंदीला ज्ञानदेव नावाचा मुलगा थोर ज्ञानी आहे हे ऐकून तो पत्र लिहायला बसतो आणि मायन्यापाशीच अडतो. वयाने धाकट्याला ‘चिरंजीव’ लिहावे तर तो ज्ञानाने मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे तर तो पोर. शेवटी कोरा कागद पाठविला जातो. मराठी पत्रलेखनाच्या रीतीत दडलेला उपरोध कथेने किती सहज उचलला आहे! चिरंजीव हा शब्द ज्याला अक्षरशः लागू पडतो तो लेखक, आणि तो शब्द ज्याला लिहायचा तो १२९६ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, समाधी घेणारा. कोरा कागद पाहून चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले, ती ‘चांगदेवपासष्टी’.

हाइनलाइन यांनी जी कादंबरी शेकडो पाने बोलून लिहिली, तिचे परीक्षण या एका कागदात आहे. दीर्घ जगण्याला सांगण्यासारखे काही नाही हे कथा लपवीत नाही. त्या नसण्यालाच ती प्रसंग बनविते. अपेक्षाभंग वाचकाच्या वाट्याला न येता पात्राच्या वाट्याला येतो. लॅझरसच्या चौकटीत कोणी ऐकायला येतो म्हणून तो बोलतो. चांगदेवाला बोलण्यासारखे काही नाही हे कळते, आणि मग तो ऐकू लागतो, तेही एका मुलीचे. चौदाशे वर्षांच्या योग्याची गुरू मुक्ताबाई होते.

कथा येथेच थांबविण्याची कीर्तनकारांची पद्धत आहे, कारण अहंकार गळाला. कालक्रम पुढेही जातो. मुक्ताबाई १२९७ मध्ये, अठरा वर्षांच्या आतबाहेर, तापीकाठी मेहूणजवळ अंतर्धान पावली. चांगा वटेश्वराच्या नावावरच्या ‘तत्त्वसार’ या ग्रंथात शके १२३४, म्हणजे १३१२, हा काळ आहे, आणि त्याची रचना हरिश्चंद्रगडावर झाली. म्हणजे चारही भावंडे गेल्यावर निदान पंधरा वर्षे हा शिष्य उरला होता. चौदाशे वर्षांच्या हिशेबात पंधरा वर्षे किरकोळ. पण चौदाशे वर्षांतून एक कोरा कागद निघाला होता, आणि या पंधरांतून ग्रंथ निघाला. त्या वर्षांची कादंबरी मराठीत लिहिली गेलेली नाही. चांगदेवाची समाधी गोदावरीकाठी पुणतांब्याला दाखवितात, त्याच नदीच्या काठी जी पुढे नांदेडवरून वाहते. आणि त्याच्या नावाचे जुने देऊळ आहे ते तापी-पूर्णेच्या संगमावर, मुक्ताबाई जेथे दिसेनाशी झाली तेथून हाकेच्या अंतरावर.